उपवासकाळात सेवा करताना चिडचिड का होते आणि काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, ठरवलं जातं की यंदा नुसतं मटण-चिकन सोडून थांबायचं नाही, कुणाची तरी सेवा करायची. सुरुवात जोरात होते. तिसऱ्या आठवड्यात थकवा येतो, घरच्यांवर आवाज चढतो आणि केलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही की मनाला लागतं. नोकरी-संसार सांभाळून ही सेवा आनंदाने आणि नम्रपणे कशी करावी?

आधी उत्तर सांगतो, मग तपशील. सेवेचं माप एकट्याने ठरवू नका. ज्याची सेवा करायची त्याला विचारा, घरातल्या एका माणसाला दाखवा, फादरना किंवा ज्यांचा सल्ला तुम्ही मानता अशा एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला सांगा आणि मगच सुरू करा. तिसऱ्या आठवड्यातली चिडचिड बहुतेक वेळा माप चुकल्याची खूण असते. उत्साहाच्या भरात, स्वतःच्या नजरेत भरेल एवढं मोठं काम आपण अंगावर घेतो आणि मग ते ओढत राहतो. ओढलेल्या कामात आनंद टिकत नाही. माप दुसऱ्याच्या हाती दिलं की ते बहुधा लहान होतं आणि तिथूनच नम्रता सुरू होते, कारण आता आपण आपल्या आवडीचं काम करत नसतो, समोरच्याच्या गरजेचं करत असतो.

ही सूचना नवी नाही. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीचा ४९वा अध्याय उपवासकाळाबद्दल आहे. प्रत्येकाने नेहमीच्या मापाहून काहीतरी अधिक देवाला द्यावं, ते पवित्र आत्म्याच्या आनंदात द्यावं आणि आनंदाने ईस्टरची वाट पाहावी, असं तिथे म्हटलं आहे. त्याला लागूनच दुसरी अट आहे: काय करणार ते मठाधिपतीला आधी सांगायचं, त्यांच्या आशीर्वादाने आणि संमतीने करायचं. न विचारता केलेलं उद्दामपणात आणि पोकळ मोठेपणात मोजलं जाईल. आनंद आणि परवानगी या दोन गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. सेवेचा विचार करताना मला यापेक्षा उपयोगी पान दुसरं दिसत नाही.

आता प्रत्यक्षात. राखेच्या बुधवारच्या आधीच्या आठवड्यात एका कागदावर चार ओळी लिहा: कोणासाठी, काय, कोणत्या वारी किती वेळ, आणि तो वेळ कशातून काढणार. लोक पहिल्या तीन ओळी लिहितात आणि चौथी सोडतात. गडबड तिथेच होते. चौथ्या ओळीत ‘झोपेतून’ असं उत्तर येत असेल तर तो बेत रद्द करा. ‘त्या वेळी मुलांना बायको बघेल’ असं असेल तर निम्मी सेवा ती करणार आहे. तिला आधी विचारा आणि तिने नाही म्हटलं तर तो नकार माना. ‘मोबाइल बघण्यातून’ किंवा ‘रविवारच्या क्रिकेटमधून’ असं असेल तर बेत पक्का समजा.

विरारहून चर्चगेटला लोकलने रोज जाऊन येणाऱ्या, घरी लहान मुलं असलेल्या माणसासाठी माप असं धरा: आठवड्यातून एक बाहेरचं काम, जाण्यायेण्यासकट दीड तासापर्यंत, आणि घरातलं रोजचं एक काम, पंधरा-वीस मिनिटांचं. एवढंच. सहा आठवड्यांत सहा भेटी होतात. हे कमी वाटतं, पण सहाच्या सहा भेटी ठरल्या वेळी झाल्या तर समोरच्या माणसाला त्यांचा आधार होतो. दोन आठवडे रोज जाऊन मग बंद झालेल्या भेटी मात्र त्याला जास्त एकटं करतात. कागद ज्यांना दाखवाल त्यांनी काही खोडलं तर वाद घालू नका.

दिनदर्शिकाही समोर ठेवा. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. महाराष्ट्रात हेच दिवस दहावी-बारावीच्या परीक्षांचे आणि आर्थिक वर्षअखेरीचे. घरात दहावीचं मूल असेल तर यंदाची सेवा घरातच आहे: रात्री टीव्ही बंद, सकाळचा डबा आपल्या हातचा आणि मार्कांवरून एक शब्द नाही. बँकेत किंवा हिशेबखात्यात काम करणाऱ्याने मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाहेरचं काही ठेवूच नये. सहापैकी चार आठवड्यांचीच सेवा ठरवली तरी चालते, फक्त ते समोरच्याला आधी सांगितलेलं असावं.

शरीराचा हिशेब लोक धरत नाहीत, म्हणून तो सविस्तर सांगतो. रोमन कॅथलिक शिस्तीप्रमाणे सक्तीचा उपवास दोनच दिवस असतो: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत तो लागू असतो. प्रचलित पद्धतीत दिवसाला एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडकं खाणं चालतं. राखेच्या बुधवारी आणि या काळातल्या शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना आहे. आजारी माणसं आणि गरोदर बाया यांना उपवासातून सूट आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवू नये, साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. याहून जास्त उपवास कुणी स्वखुशीने करतो, ते चांगलंच आहे. पण उपाशीपोटी, उन्हात, लोकलमधून उतरून थेट आजाऱ्याकडे गेलात तर तिथे तुमचा संयम दहा मिनिटांत संपेल.

बेनेडिक्ट यांना हेही माहीत होतं. त्यांच्या नियमावलीच्या ३५व्या अध्यायात मठवासीयांनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात राबायचं ठरवलं आहे. आजारी असल्याशिवाय किंवा तितकंच महत्त्वाचं काम हाती असल्याशिवाय कुणालाही त्यातून सूट नाही. पण वाढपाच्या पाळीवर असलेल्यांना जेवणाच्या वेळेआधी ठरलेल्या वाट्याव्यतिरिक्त एक पेय आणि भाकरीचा तुकडा द्यावा असंही लिहिलं आहे, म्हणजे ते कुरकुर न करता आणि फार कष्ट न होता भावंडांना वाढू शकतील. म्हणजे तपस्व्यांच्या मठातसुद्धा वाढणाऱ्याच्या पोटाची काळजी आधी घेतली होती.

तेव्हा नियम असे ठेवा. अंगमेहनतीची सेवा उपवासाच्या दोन दिवशी ठेवू नका, शनिवारी सकाळी ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी कुठे जायचं असेल तर निघण्याआधी वाटीभर पेज किंवा दोन पोळ्या खा, पाणी प्या. आणि चिडचिड झाली तर या क्रमाने तपासा: काल किती झोप झाली, आज काय खाल्लं, किती पाणी प्यायलं. या तिन्हींची उत्तरं ठीक असतील तरच मनाचा आणि आत्म्याचा विचार करायला बसा. प्रभू येशूने उपवास करणाऱ्याला डोक्याला तेल लाव आणि तोंड धू असं सांगितलं आहे, बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात. राखेच्या बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, दरवर्षी तेच शुभवर्तमान वाचलं जातं. ओढलेला चेहरा घेऊन कुणाच्या दारी जाऊ नये, हा त्याचा अगदी रोजच्या वापरातला अर्थ.

घरातलं रोजचं काम निवडताना घरात कुणालाच नको असलेलं काम घ्या. रात्रीची भांडी, संडास-बाथरूम धुणं, पहाटे पाणी आलं की भरणं, आजीच्या रात्रीच्या गोळ्या. जाहीर न करता सुरू करा आणि ईस्टरपर्यंत एकही दिवस चुकवू नका. खरी परीक्षा पुढे आहे: ते काम त्या घरातल्या बाईच्या पद्धतीने करायचं. पातेली कुठे पालथी घालायची, फडकं कुठलं वापरायचं, बादली कुठे ठेवायची, हे ती सांगेल तसं. ‘माझी पद्धत जास्त बरी आहे’ हे खरं असलं तरी सहा आठवडे बोलायचं नाही. मठातल्या त्या पाळीच्या नियमातही आठवडा संपला की वापरलेले टॉवेल धुवायचे आणि भांडी स्वच्छ व धड परत करायची असं नेमकं सांगितलं आहे. अर्धवट सोडलेली सेवा दुसऱ्याचं काम वाढवते. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या, कार्यक्रमात खुर्च्या उचलायला पुढे असणारा पुरुष घरी ताटही उचलत नसेल, तर त्याने यंदा खुर्च्या दुसऱ्यांवर सोपवाव्यात.

बाहेरच्या सेवेत मी सगळ्यात वरचा क्रम अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाण्याला देईन, आणि तेही मुख्यतः त्याची शुश्रूषा करणाऱ्यासाठी. अशा घरातली सून किंवा मुलगी महिनोन्‌महिने दीड-दोन तास सलग घराबाहेर पडलेली नसते. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या स्मरणाची, भक्ती असते, तिला जाता येत नाही. तुम्ही त्या वेळी तिच्या घरी बसा आणि तिला चर्चला जाऊ द्या. तिला चर्चऐवजी बाजारात जायचं असेल, नुसतं झोपायचं असेल, तर तेही तिने ठरवायचं. दीड तासाचा तुमचा हिशेब इथे थोडा वाढेल, तो कागदावर आधीच धरा.

अशा भेटीचे बारकावे सांगतो. आदल्या दिवशी फोन करा. अंघोळीची, जेवणाची आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळा. सकाळी दहा-अकरा किंवा दुपारी चार-पाच बहुतेक घरांत सोयीचं असतं. आत शिरल्यावर आधी साबणाने हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका, फोनवर बोला. उभ्याने बोलू नका, खुर्ची ओढून आजाऱ्याच्या नजरेच्या पातळीवर बसा. त्याचं घराण्यातलं नातं विचारून त्याप्रमाणे हाक मारा. ‘काय आजोबा, ओळखलंत का?’ अशी परीक्षा घेऊ नका, स्वतःचं नाव आणि गाव सांगून मोकळे व्हा. विचारायचा प्रश्न एकच: ‘आज काय करू?’ उत्तर ‘काही नको, बस नुसता’ असं आलं तर नुसतं बसा. हे फार जणांना जमत नाही. ते उठून कपाट आवरायला लागतात.

जिच्या जागी बसत आहात तिच्याकडून निघण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: कोणतं औषध किती वाजता, खायला काय चालतं, तिचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर, शेवटची कूस किती वाजता बदलली. हलता न येणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाजवळ, टाचांना बेडसोर होतात. कूस कशी बदलायची हे तिने तुम्हाला आधी करून दाखवलेलं असेल तरच हात लावा. न शिकता ओढाताण केली तर त्याचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही दुखावतात. पाणी किंवा पेज आडवं असताना पाजू नका. पाठीला उशा लावून बसतं करा, लहान घोट द्या, एक गिळला की दुसरा. खाल्ल्यावर अर्धा तास तसंच टेकून बसू द्या. गिळताना ठसका लागत असेल तर तिथेच थांबा आणि तिला फोन करा. मधुमेही माणसाच्या पायांची नखं हौसेने कापू नका. लहानशी जखमसुद्धा चिघळते. मिठाई, केळी, नारळपाणी काहीही विचारल्याशिवाय नेऊ नका. मूत्रपिंडाच्या आजारात नारळपाणी आणि केळीही अपायकारक ठरू शकतात.

दोघांनी जा, विशेषतः पहिल्यांदा. गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीत भेटीला जोडीने जाण्याची रीत आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ही सोसायटी सुरू केली. गरिबांच्या घरी कसं जायचं हे त्यांना सिस्टर रोझली रांदू यांनी शिकवलं, ज्या त्याच शहराच्या दरिद्री वस्तीत आधीपासून काम करत होत्या. शिकलेले तरुण एका सिस्टरकडून शिकायला गेले, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुंबई आणि वसईकडच्या कित्येक चर्चमध्ये ही सोसायटी आहे. नव्याने सुरू करणाऱ्याने स्वतःचा उपक्रम काढण्याआधी तिथे जाऊन ‘मला कुठे पाठवता?’ असं विचारावं. जिथे पाठवतील ते घर कदाचित तुम्ही निवडलं नसतं. अशा घरी जाण्याचा फायदा मोठा असतो.

पैशांबद्दल. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची रीत दिली आहे: त्या दिवशी भाकरी आणि पाण्याशिवाय काही घेऊ नये, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. ही पद्धत आजही तशीच वापरता येते. समजा चौघांच्या घरात शुक्रवारी मटणावर ₹ ६०० खर्च झाले असते आणि डाळ-भाजीवर ₹ १५० झाले. उरलेले ₹ ४५० त्याच संध्याकाळी वेगळ्या पाकिटात टाका. राखेच्या बुधवारनंतर गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार येतात, म्हणजे ₹ ३,१५० जमतात. ‘शेवटी एकदम काढू’ म्हणाल तर ते निघत नाहीत. आपल्याकडे इथे एक मेख आहे. चर्चच्या नियमात मासळी मांसात धरत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी मोठं पापलेट आणलं तरी नियम मोडत नाही. पण पाकीट रिकामं राहतं. ज्याच्या घरी रोजच कोलीम-बोंबील असतो त्याने तेच खावं, त्यात काही गैर नाही. शुक्रवार म्हणून महागडी मासळी आणू नये, इतकंच.

पाकीट द्यायचं कसं? घर ओळखीचं असेल तर रोख रक्कम, पाकिटात, काही अट न घालता, घरातल्या इतरांसमोर नाही. त्यांनी ती औषधाला वापरावी की मुलाच्या वाढदिवसाला, हे त्यांच्याकडे सोडा. ओळख नसेल तर सोसायटीमार्फत. दात्याचं नाव गुप्त ठेवता येतं, पण हिशेब गुप्त ठेवायचा नसतो. धर्मग्रामाची दानपेटी दोघांनी मिळून मोजावी, आकडा वहीत लिहावा, दोघांनी सही करावी. ‘उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये’ हे वचन हिशेब न ठेवण्यासाठी पुढे केलं जातं तेव्हा नुकसान गरिबाचंच होतं.

शुक्रवारी भक्तीनंतर सगळ्यांनी मिळून पेज घ्यायची आणि त्या जेवणाचे पैसे दानाला द्यायचे, हा उपक्रम सोपा आणि फार चांगला आहे. पन्नास माणसांसाठी तीन किलो उकडा तांदूळ आणि पंचवीस ते तीस लिटर पाणी लागतं. पातेलं चाळीस लिटरचं घ्या, नाहीतर उतू जाते. उकड्या तांदळाला शिजायला वेळ लागतो, तांदूळ दोन तास भिजत घाला आणि भक्ती सुरू होण्याच्या आधी दीड तास चूल पेटवा. मीठ सगळ्यात शेवटी आणि बेताने, रक्तदाबाची माणसं असतात. लोणचं वेगळं ठेवा. पेज वाफाळती ठेवूनच वाढा. मार्चच्या उकाड्यात शिजलेला भात किंवा पेज कोमट होऊन दोन तासांहून जास्त पडू देऊ नका, उरलेली दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी पाठवू नका. भात बाहेर राहिला तर त्यातले जंतू जे विष तयार करतात ते पुन्हा उकळल्याने जात नाही. आणि भांडी घासणाऱ्यांनी आधी जेवावं, शेवटी नाही.

आता पाय धुण्याचा विधी. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये तो होतोच. व्हॅटिकनच्या ६ जानेवारी २०१६ च्या आदेशाने स्त्रियांनाही त्यात घेण्याची वाट मोकळी झाली. पण घरात किंवा वाडीच्या प्रार्थनागटातही तो करता येतो. बारा जणांसाठी दहा लिटर कोमट पाणी, एक घंगाळ, एक तांब्या, बारा टॉवेल, बसायला खुर्ची आणि धुणाऱ्याच्या गुडघ्याखाली जाड घडी. पाण्याची ऊब कोपराने पाहा. मधुमेह्याच्या पायाला चटका बऱ्याचदा कळत नाही. बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी करा, घासू नका. पायाला जखम असेल तर तो पाय धुऊ नका. ज्याला नको असेल त्याला आग्रह करू नका, पण ज्याने धुतले त्याचे पाय शेवटी दुसऱ्या कुणीतरी धुवावेत, हे चुकवू नका. योहानाच्या १३व्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा त्यांच्यातला पेत्र आधी पाय पुढे करायला तयार नव्हता. सेवा करण्यात तरबेज असलेल्या माणसांना स्वतः खुर्चीत बसणं असंच जड जातं. एरवीही समोरच्या घरून चहा पुढे आला तर घ्या. डब्यातून नेलेल्या भाजीच्या बदल्यात त्यांनी चार शेवग्याच्या शेंगा दिल्या तर घ्या. ‘नको नको, तुम्हालाच लागतील’ म्हणणं म्हणजे त्यांना फक्त घेणारे करून टाकणं आहे.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या विधवा आणि मुलींसाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं केलं, तेव्हा त्या मुलींना शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. आश्रय घ्यायला आलेल्या मुली तिथे स्वतः काम करणाऱ्या झाल्या. आपल्या सहा आठवड्यांच्या छोट्या सेवेतही समोरच्या माणसाला करण्यासारखं काय आहे ते शोधा. अंथरुणावरच्या आजीकडून वसईकडच्या वाडवळी किंवा सामवेदी बोलीतली जुनी गाणी लिहून घ्या, तिला शेंगा सोलायला द्या, तुमच्या मुलासाठी प्रार्थना करायला सांगा.

योहानाच्या त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. पाय धुतले गेले तेव्हा येशूला धरून देणारा यहूदा तिथेच होता. ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा भाऊ, बांधावरून भांडलेला शेजारी, यांची सेवा या काळात करता आली तर ती सगळ्यात मोलाची. पण तिथे मोठा प्रवेश नको. त्याच्या घरी आजारपण असेल तर रिक्षा ठरवून द्या, पाण्याचा टँकर आला की त्याचंही पिंप भरा. माफीचं भाषण त्या दिवशी करू नका. त्याला उत्तर द्यावंच लागेल अशी परिस्थिती तयार करू नका. आणि जिथे मारहाण किंवा छळ झालेला आहे तिथे हा सल्ला लागू नाही. तिथे दूर राहणं योग्य आहे.

केलेलं कुणाला कळलं नाही की वाईट वाटतं, त्यावर उपाय छोटे आहेत. सेवेचा फोटो काढू नका, धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, आणि दुसऱ्याने काढला तर ज्याची सेवा केली त्याचा चेहरा त्यात येऊ देऊ नका. घरी जेवताना ‘आज त्यांच्याकडे गेलो होतो’ एवढंच सांगा, तिथली हलाखी सांगू नका. कुणी आभार मानले तर ‘मी कोण, मी तर काहीच नाही’ असं लांबवू नका, त्याने बोलणं पुन्हा आपल्यावरच येतं. ‘मलाही बरं वाटलं’ म्हणा आणि विषय बदला. कुणीच आभार मानले नाहीत आणि सल राहिलाच, तर रात्रीच्या प्रार्थनेत तो सल आहे तसा देवापुढे सांगा. कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, जाल तेव्हा तिथेही सांगा. तो दाबून हसरा चेहरा ठेवला तर दोन दिवसांनी घरातल्या मुलांवर निघतो.

आनंदाबद्दलही गैरसमज आहे. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे बायबलमधलं पौलाचं वचन ऐकून काही जण दुःखी घरात जाऊन विनोद सांगतात, ‘सगळं छान होईल’ म्हणतात. त्याच पौलाने रोमकरांना लिहिताना दया करणाऱ्याने ती हर्षाने करावी असं सांगितलं आणि थोडं पुढे रडणाऱ्यांबरोबर रडायलाही सांगितलं. हर्षाने म्हणजे घाई न करता, घड्याळाकडे न बघता, उपकार केल्याचा भाव चेहऱ्यावर न आणता. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाजवळ बसून रडू आलं तर येऊ द्या.

ज्यांची सेवा कराल ती माणसं हिंदू, मुसलमान, बौद्ध, कुणीही असतील. सेवेला प्रार्थनेची अट जोडू नका, पत्रकं देऊ नका, डब्यावर वचन चिकटवू नका. त्यांनी आपण होऊन ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं तर जरूर करा, थोडक्यात. उपवासकाळ तुमचा आहे, त्यांना तो माहीत असण्याची गरज नाही. रमजान याच दिवसांत आला तर मुसलमान शेजाऱ्याकडे दिवसा डबा नेऊ नका, संध्याकाळच्या इफ्तारची वेळ विचारून न्या.

उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, ज्या दिवशी फादर गुलाबी झगा घालू शकतात, तो चार ओळींचा कागद पुन्हा काढा. ज्यांना दाखवला होता त्यांनाच विचारा: घरात माझ्यामुळे कुणाला त्रास होतो आहे का? होत असेल तर काम निम्मं करा. पूर्ण सोडू नका आणि भरून काढण्यासाठी दुप्पटही करू नका. एखादी भेट चुकली असेल तर फोन करून माफी मागा आणि पुढच्या वेळी जा. चुकलेली भेट पुढच्या आठवड्यात दोनदा जाऊन फेडायची गरज नाही.

शेवटची बाब ईस्टरनंतरची. सहा आठवडे दर शनिवारी येणारा माणूस सातव्या आठवड्यात आला नाही की अंथरुणावरच्या म्हातारीला ते टाकून दिल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा: ‘ईस्टरपर्यंत दर शनिवारी येईन, त्यानंतर महिन्याच्या पहिल्या शनिवारी.’ महिन्यातून एकदाही जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी पाचव्या आणि सहाव्या भेटीला सोबत न्या, ओळख करून द्या, औषधांच्या वेळा आणि फोन नंबर लिहिलेला कागद त्यांच्या हाती द्या. ईस्टरच्या आठवड्यातली एक भेट मात्र स्वतः जाऊन करा, रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, आणि पुढची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्यासमोर लिहून या.